कुत्र्याचे दात घासायचा संच: उद्यमबागेतल्या एका टर्नरची तपासणी

संचातल्या ब्रशचं मोठं डोकं 27 मिलिमीटर लांब, 11 रुंद आणि केसांसकट 15 जाड भरलं. व्हर्नियर माझ्याकडे असतोच, बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर 22 वर्षं काढली आहेत. आता गुंडीचा, म्हणजे आमच्या पामेरियन कुत्रीचा, वरचा ओठ उचलून मागच्या मोठ्या दाढेपर्यंत जायचं, तर गाल आणि दाढ यांच्यामध्ये माझं करंगळीचं टोक कसंबसं मावतं. तिथे ही 15 ची जाडी घालायची म्हणजे आठच्या भोकात बाराचा बोल्ट ठोकायचा प्रकार. हा ब्रश ज्याने काढला त्याने कुत्रं बघितलं असेल, पामेरियन बघितलेलं नाही.

तरीही हा संच घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही, कारण त्यातली पेस्ट चांगली निघाली. जूनपासून डिसेंबरपर्यंत सहा महिने वापरून मग लिहितोय. संचाचं नाव लिहीत नाही, कारण त्याच साच्यातून निघालेले दहा नावांचे संच मिळतात आणि सगळ्यांच्या डब्यावर तोच हसरा लॅब्रेडॉर आहे. ऑनलाइन 449 रुपयांना पडला. आत दोन डोक्यांचा एक लांब ब्रश, सिलिकॉनचे दोन बोटब्रश आणि 70 ग्रॅमची चिकनच्या वासाची पेस्ट. सूचना इंग्रजीत आणि हिंदीत. मराठी नाही, कन्नडही नाही, त्यामुळे निदान ह्या एका डब्यावरून तरी आमच्या बेळगावात वाद नको.

पण हे सगळं घ्यायची पाळी का आली ते आधी सांगतो, नाहीतर टर्नरला कुत्र्याच्या दातांचं काय पडलंय असं वाटायचं.

गुंडी सात वर्षांची. पांढरी, डोळे कोटाच्या गुंडीसारखे काळे, म्हणून हे नाव. मुलीने हट्टाने आणली, मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि कुत्री माझ्या गळ्यात. तिच्या तोंडाला वास येत होता हे आम्हाला दोनेक वर्षांपासून माहीत होतं. कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच, असं धरून चाललो होतो. आईने उपाय सांगितला. आईचं माहेर निपाणीकडचं, तिथे घराघरात तंबाखू, आणि तिची सकाळची मिश्री आजही चुकत नाही. "मिश्री लाव की जरा तिला. माझे दात बघ, सत्तरीत बी घट्ट हायत." आईचे दात घट्ट आहेत हे खरं, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. माणूस थुंकतो, कुत्रं गिळतं, आणि तंबाखूतलं निकोटिन कुत्र्याला विषच. नशीब, ते केलं नाही.

त्याऐवजी मी दुसरा शहाणपणा केला. चार दिवस आमचीच पेस्ट बोटावर घेऊन तिच्या दातांना चोळली. तिने फेस गिळला, अंगणात ओकली आणि नंतर ट्यूब बघितली की दिवाणाखाली. डॉक्टरांनी पुढे ह्यावरून मला चांगलंच झापलं. माणसाच्या पेस्टमध्ये फ्लोराइड आणि फेस करणारं द्रव्य असतं, ते पोटात जाण्यासाठी नसतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घालतात. कुत्र्याच्या पोटात ते गेलं की इन्सुलिन भसकन वाढतं, रक्तातली साखर कोसळते, आणि यकृतही निकामी होऊ शकतं. थोड्या मात्रेलाही हे होतं. घरात साखरविरहित च्युइंगगम असेल तर तेही वर ठेवा, त्यातही बरेचदा हेच असतं.

मग होळीच्या आसपास तिला केस कापायला एका ठिकाणी नेलं होतं. तिथला पोरगा म्हणाला, "काका, दात पण क्लीन करून देतो, 500 रुपये, बेशुद्ध करायची गरज नाही." मी बाहेर बाकावर बसलो. आतून गुंडीचं कळवळणं ऐकू येत होतं. अर्ध्या तासाने कुत्री बाहेर आली ती दात पांढरेशुभ्र आणि हिरड्यांना रक्त. पांढरे दात बघून मी खूश. सांगायला लाज वाटते, पण 500 वर 50 रुपये जास्तीचे दिले.

हिने मात्र दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं. "अहो, ही भाकरी टाकूलालीय. उचलते आणि टाकते." दूधभात खायची, कडक काही दिलं की मान एका बाजूला वाकडी करून डावीकडून चावायची. मे महिन्यात एका सकाळी उजव्या डोळ्याखाली टुम्म सूज. मला वाटलं गांधीलमाशी चावली. दोन दिवसांनी ती सूज फुटली आणि गालावरच्या पांढऱ्या केसांत पू आला.

टिळकवाडीच्या बाजूला आम्ही दाखवतो ते डॉक्टर कमी बोलतात. त्यांनी डोळ्याकडे बघितलंच नाही, सरळ ओठ वर केला. "डोळ्याचं नाही, दाढेचं आहे." वरच्या जबड्यात मागे एक मोठी, मांस फाडायची दाढ असते. तिला तीन मुळं. ती मुळं जिथे संपतात ती जागा बरोबर डोळ्याखाली येते. मुळाशी पू धरला की तो वाट काढतो गालातून, आणि घरचे डोळ्याचे थेंब घालत बसतात. त्याच दाढेजवळ गालातून लाळेची मोठी नळी उघडते, म्हणून तोंडातला सगळ्यात जाड दगड तिथेच चढतो. दगड म्हणजे कीटण. दातावर आधी चिकट थर बसतो, जो जिभेला लागतो. तो पुसला नाही तर लाळेतल्या क्षारांनी दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा जास्त अल्कली, म्हणून त्यांचे दात आपल्यासारखे किडत फारसे नाहीत, पण दगड भरभर धरतो. बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते ना, तसंच.

मी होळीच्या साफसफाईचं सांगितलं. डॉक्टरांनी दात आडवा उजेडात धरला, म्हणजे तोंडच तिरपं केलं, आणि म्हणाले, "तुम्ही लेथवर आहात ना? हे फिनिश बघा."

ते मी बघितलं आणि मला कुणी काही शिकवायची गरज उरली नाही. दातावर आडव्या-उभ्या चरा. हुकाने खरवडलं होतं आणि तसंच सोडून दिलं होतं. शाफ्टवर टूल मार्क राहिले तर तिथेच गंज धरतो, तिथेच मळ बसतो. खरवडल्यावर पॉलिश करायलाच पाहिजे, नाहीतर आधीपेक्षा खडबडीत दातावर आधीपेक्षा लवकर दगड चढणार. आणि खरवडलं होतं तेही वरचं, दिसणारं. रोग असतो हिरडीच्या आत, दात आणि हिरडी यांच्या फटीत. जागं कुत्रं तिथे हत्यार घालू देत नाही, कुणाचंच. म्हणजे मी 550 रुपये देऊन आतल्या पूवर पांढरा रंग मारून आणला होता.

पुढे रक्त तपासलं, एक्स-रे काढला, भूल दिली. भूल म्हटल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. श्वासनलिकेत नळी घालतात ती का, हे मी विचारून घेतलं. दगड काढायचं यंत्र पाणी उडवत थरथरतं, ते घाण पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून. ती मोठी दाढ तीन तुकडे करूनच निघाली, कारण मुळं तीन दिशांना. शेजारचा एक छोटा हलणारा दात दगडासकट आपसूक हातात आला. एक आधीच कधीतरी पडून गेला होता. कुत्र्याला मोठेपणी 42 दात, आमच्या गुंडीकडे आता 39. बिल झालं 8,400. डॉक्टरांनी दात एका गोळ्यांच्या डबीत घालून दिले आणि म्हणाले, "दोन आठवडे मऊ खाणं. टाके भरले की रोज ब्रश. रोज म्हणजे रोज."

तर असा हा संच घरात आला.

बोटब्रश आधी काढला, कारण तो सोपा वाटतो. सिलिकॉनची टोपी बोटात घालायची, तिच्यावर बारीक काटे. काटे मोजले, जाडी जवळजवळ 1 मिलिमीटर. संचातल्या लांब ब्रशचा केस मायक्रोमीटरवर 0.22 भरला. हिरडीच्या कडेशी जी फट आहे तिथला थर काढायचा असेल तर 1 मिलिमीटरचा गुबगुबीत काटा वरूनच घसरून जाणार. दाताचं पोट चकाचक, कड तशीच. शिवाय पाचव्या दिवशी गुंडीने बोटासकट चावलं, टोपीला भोक पडलं. तुकडा तिच्या पोटात गेला असता तर आणखी एक बिल. बोटब्रशचा उपयोग पहिला आठवडा, तोंडाला हात लावायची सवय व्हावी इतकाच. त्यासाठीही साधं स्वच्छ सुती फडकं बोटाला गुंडाळलं तर चालतं, आणि ते फुकट.

लांब ब्रशचं छोटं डोकं तरी बसेल म्हणून बघितलं. 20 मिलिमीटर लांब, केस जाड आणि टोकाला कापलेले, गोल केलेले नाहीत. नखावर घासून बघितलं तर ओरखडा जाणवतो. पुढच्या सुळ्यांना चालतं, मागे नेलं की ती मान झटकते. दांडा वाकडा आहे तो का वाकडा आहे ते मला समजलं नाही, कुठल्याच बाजूने कोन जमत नाही. एखाद्या मोठ्या कुत्र्याला कदाचित जमेल. माझा भाऊ येळ्ळूरला असतो, त्याच्याकडे मुधोळच्या रक्ताचा एक उंच कुत्रा आहे, आमच्याकडे त्याला कारवानी म्हणतात. त्याचं तोंड लांब, दात सुटेसुटे, त्याला हाच ब्रश व्यवस्थित बसला. पामेरियनचं तसं नाही. दात तेवढेच 42, जबडा मुठीएवढा. गर्दीत दात तिरपे बसतात, फटीत अन्न अडकतं, म्हणून छोट्या जातींना हे दुखणं लवकर आणि जास्त.

भावाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. मी रविवारी तिथे जाऊन हे सगळं बोललो तेव्हा तो हसायला लागला. "आमच्या गावात कुत्र्यास्नी कोण ब्रश करूलालंय गा? मटणाची हाडं चघळतात, दात आपोआप साफ." मी त्याच्याच कुत्र्याचा ओठ वर करून दाखवला. तीच वरची मोठी दाढ, बाहेरची अर्धी भिंत सरळ चिरफळीसारखी उडालेली, मध्ये काळा ठिपका. सुकलेलं हाड कडकडून चावताना असंच होतं. दात हाडापेक्षा कडक असला तरी दाढेच्या कडेला सगळा भार एका ठिकाणी येतो. गावातल्या कुत्र्यांचे दात दुखतात, बघतं कोण? भाऊ गप्प झाला. डॉक्टरांची एक साधी परीक्षा आहे: चघळायच्या वस्तूवर अंगठ्याचं नख दाबायचं. नखाचा वण उमटला नाही तर ती वस्तू कुत्र्याच्या दातापेक्षा हट्टी. हाडं, सुकी खुरं, शिंगं, कडक नायलॉनची खेळणी सगळी ह्यात बाद. शिजवलेल्या हाडाचे तर सुळके होतात, ते घशात.

ब्रशचा प्रश्न शेवटी सुटला तो अनगोळच्या मेडिकल दुकानात. तान्ह्या बाळांचा, शून्य ते दोन वर्षांचा ब्रश, 35 रुपये. डोकं 15 मिलिमीटर, केसांसकट जाडी 10, केस 0.15 आणि टोकाला गोल. म्हणजे संचातल्या ब्रशपेक्षा केस तीसएक टक्के बारीक. ही वस्तू करंगळीच्या जागेत तिरपी करून जाते. दुकानदाराने विचारलं, "नातवंड झालं काय?" मी हो म्हटलं. खोटं बोललो, पण रांगेत चार माणसं होती.

आता पेस्ट. पेस्टला मी भरपूर गुण देतो. फेस येत नाही, गिळली तरी चालते. घटकांत ग्लुकोज ऑक्सिडेज आणि लॅक्टोपेरॉक्सिडेज अशी दोन एन्झाइमं लिहिली आहेत, ती लाळेत मिळून जंतूंना जड जाईल असं द्रव्य तयार करतात. हे एन्झाइमवालं असेल तरच घ्या, नुसत्या वासाची पेस्ट असेल तर ब्रश ओला करून घासलं तरी फरक तोच. कारण खरं काम केसांच्या घासण्याचं आहे, पेस्ट हा कुलंट, म्हणजे लेथवर हत्यार तापू नये म्हणून सोडतात ते पाणी. पण कुलंटशिवाय मी जॉब लावत नाही, आणि चिकनच्या वासाशिवाय गुंडी तोंड लावत नाही. वास माणसाला मात्र नको होतो, शिळ्या कोंबडीच्या रश्श्यासारखा. पेस्ट केसांच्या वर ठेवू नका, अंगठ्याने आत दाबा. नाहीतर ती पहिल्याच झटक्यात सगळी चाटून घेते आणि तुम्ही कोरड्या ब्रशने उभे.

पद्धत लिहितो, कारण डब्यावरचं चित्र चुकीचं आहे. त्यात कुत्र्याने आ केलाय. आ करायला लावलं की कुत्रं घाबरतं आणि माणूस चावून घेतो. तोंड मिटलेलंच राहू द्यायचं. मी सेकंड शिफ्टवरून आलो की हातपाय धुऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसतो, गुंडी दोन गुडघ्यांच्या मध्ये, तिची पाठ माझ्याकडे. समोरून जायचं नाही, समोरून हात आला की ती मागे सरकते. डावा हात हनुवटीखाली, अंगठ्याने ओठाची कड वर. ब्रश 45 अंशांत, केसांची टोकं हिरडीच्या रेषेवर, आणि बारीक गोल. दाबायचं नाही. मला हे सगळ्यात अवघड गेलं, आमच्या हाताला दाबायची सवय. आधी मागची वरची दाढ, कारण कुत्र्याचा धीर अर्ध्या मिनिटाचा असतो आणि तो धीर पुढच्या सुळ्यांवर उडवला तर मागे काही उरत नाही. बाहेरच्या बाजू तेवढ्या करतो. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी पुसते, तिथे नाही गेलं तरी चालतं. एका बाजूला 30 सेकंद, दुसऱ्या बाजूला 30. साकू, म्हणजे बस्स.

पण हे पहिल्या दिवशी झालं नाही, बारा-तेरा दिवस लागले. पहिले तीन दिवस नुसती पेस्ट बोटावर, चाटून घे आणि जा. मग ओठ उचलायचा, एक दाढ शिवायची, पेस्ट. मग दोन दाढा. ज्या दिवशी तिने मान काढून घेतली त्या दिवशी तिथेच थांबलो, ओढाताण केली नाही. शेजारच्या कन्नड आजी कंपाउंडवरून हा सगळा खेळ बघत होत्या. "नायिगे ब्रश्शा?" म्हणजे कुत्र्याला ब्रश, असं म्हणून तोंडाला पदर. आता त्याच रोज विचारतात, आज घासले का म्हणून.

पहिल्या आठवड्यात ब्रशला थोडं गुलाबी लागलं. सुजलेल्या हिरडीतून तेवढं येतं, दहा-बारा दिवसांत थांबलं. थांबलं नसतं तर परत डॉक्टर. हिरडीची लाल रेघ जाऊन फिका गुलाबी रंग यायला दीड महिना लागला. रोज जमलं नाही तर? दगड दोन-तीन दिवसांत कडक व्हायला लागतो, म्हणून दिवसाआड म्हणजे काठावर पास. आठवड्यातून एकदा घासायचं असेल तर उगीच कुत्र्याला छळू नका. गणपतीत आठ दिवस माझं राहिलं. पाहुणे, आरत्या, जागरणं. नवव्या दिवशी सुळ्याच्या मुळाशी पिवळट खरखर नखाला लागली, ती ब्रशने निघाली नाही, अजून आहे.

त्याच वेळी अजून तीन वस्तू घेतल्या होत्या, त्यांचंही सांगून टाकतो. पाण्यात मिसळायचं औषध: गुंडीने भांड्याला तोंड लावलं नाही आणि बागेच्या बादलीतलं पाणी प्यायली, बाटली परत कपाटात. दात साफ करणाऱ्या कांड्या: 7 कांड्यांचं पाकीट 180 रुपयांना. एक कांडी मी घड्याळ लावून बघितली, 40 सेकंदांत गायब. चघळलंच नाही तर घासणार कसं? काही कांड्यांचा उपयोग होतो, हे खरं आहे. अमेरिकेत 1997 पासून व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल म्हणून एक संस्था अशा वस्तूंच्या चाचण्या बघून मोहोर देते, ती मोहोर असली तर निदान कुणीतरी तपासलंय. माझ्या पाकिटावर तसलं काही नव्हतं, नुसतं "डेंटल" लिहिलं होतं. महिनाभर रोज एक दिली तर गुंडीचं वजन 7 किलोचं 7 किलो 600 झालं. बंद केल्या.

तिसरा आणि सगळ्यात महाग उद्योग म्हणजे फवारा. 320 रुपये, "आठ दिवसांत दगड विरघळवतो" असं बाटलीवर. मला आधीच शंका होती. खपली विरघळवायची तर ॲसिड लागतं, आणि ॲसिड खपली कुठली आणि दात कुठला हे बघत नाही. पण शंका बाजूला ठेवून मी प्रयोग केला. डॉक्टरांनी डबीत दिलेला तो छोटा दात, दगडासकट निघालेला. दगड म्हणजे कसा, तपकिरी, जुन्या चिंचेच्या टरफलासारखा, एका बाजूला खाली हिरवट. हिरडीखालचा भाग काळा. मायक्रोमीटरने सगळ्यात जाड जागी मोजला: 5.38. खडूने खूण केली. रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर फवारा, वाटीत झाकून ठेवायचा. ही म्हणाली, "त्या वाटीत मी परत आमटी वाढणार नाही." आठव्या दिवशी पुसला, वाळवला, मोजला. 5.38. नवव्या दिवशी म्हटलं माझ्याच हाताचा दोष असेल, कंपनीत नेऊन चेकिंगच्या मुलाकडून मोजून घेतला. त्याने कसला जॉब विचारलं. 5.38. बाटलीला पुदिन्याचा वास तेवढा छान आहे. तो वास तोंडाची घाण झाकतो आणि घाण हीच तर खबर देणारी गोष्ट आहे.

संच घ्यावा की नाही, तर माझं म्हणणं असं: पेस्ट सुटी मिळत असेल तर फक्त पेस्ट घ्या. संच घेऊन 449 दिले त्यातले दीडशे ब्रश आणि टोप्यांचे गेले. दुसरी ट्यूब मी सुटीच घेतली, 290 रुपये. 70 ग्रॅमची ट्यूब मला अडीच महिने पुरते, तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट घेतली तर. ट्यूबवरची तारीख मात्र घेताना बघा. मला दुसऱ्या वेळी दुकानातून दोनच महिने उरलेली ट्यूब दिली होती, परत करायला गेलो तर म्हणे झाकण उघडलंय. पावसाळ्यात ती कपाटात ठेवू नका, आमच्याकडे जुलैत भिंतींना घाम येतो, ट्यूबच्या तोंडाशी बुरशी धरली होती.

एक सावधगिरी. दगड आधीच जाड असेल, हिरडीतून रक्त येत असेल, कुत्रं एका बाजूने चावत असेल, तर आधी डॉक्टर आणि मग ब्रश. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवलात तर कुत्रं जन्मभर ब्रशचा राग धरेल. आणि पिल्लू असेल तर आजच बोटाने सुरू करा. दुधाचे 28 दात सहा-सात महिन्यांत बदलतात, त्यामुळे त्या दातांचं फार अडत नाही, पण तोंडाला हात लावून घ्यायची सवय त्याच वयात लागते. मी हे सात वर्षं उशिरा केलं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी परत ओठ उचलून बघितलं. उजवीकडे खळगा भरून आलाय, डावी मोठी दाढ शाबूत. गणपतीतली खरखर दाखवून त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. पुढचा एक्स-रे मे महिन्यात.

बाळाचा ब्रश दोन महिन्यांनी केस पसरले की बदलतो. जुना कंपनीत नेतो, लेथच्या चकच्या, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागाच्या, जबड्यात लोखंडाचा बारीक किस अडकतो तो काढायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. मात्र दोन्ही ब्रश निळेच मिळाले होते आणि एकदा घाईत पिशवीत अदलाबदल झाली, त्या रात्री गुंडीने कुलंटचा वास घेऊन माझ्याकडे असं बघितलं की तेव्हापासून कंपनीतल्या ब्रशला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळलेली आहे.